पाठ न दाखवणारी नाव

मला नावेवर घेतलं ते बायको म्हणून नाही, वजन म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आमचा संसार म्हणजे नुसता जलविहार होता असं कुणाला वाटायला नको. त्या जोडनावेला एका माणसाचं वजन पुरत नसे. वारा भरला की तिची एक बाजू पाण्याबाहेर उठायची, आणि खात्यानं दुसरा माणूस दिलेला नव्हता. मी अंगानं चांगली भरलेली. "तू चल," हे म्हणाले, "नाहीतरी घरी बसून काय करतेस?" घरी बसून मी काय करत होते ते यांना एकदा चुलीपुढे बसवून दाखवायला हवं होतं. पण गेले.

ग्वाल्हेरला शिंदे सरकारांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. लष्कर म्हणजे त्यांचं राजधानीचं शहर, तिथून काही कोसांवर धरणाचा मोठा तलाव, काठाला सरकारी नौकाघर आणि त्याच्या मागे आमच्या दोन खोल्या. सासर लष्करातलं, पागेवरचं. यांचे पूर्वज दख्खनेतून आले ते घोड्यावर बसून, आणि त्यानंतर कुणी घोड्यावरून उतरलंच नव्हतं. पुढे मोटारी आल्या, पागा आटल्या, आणि यांच्या वाट्याला घोड्याऐवजी नाव आली. सासऱ्यांना ते शेवटपर्यंत पचलं नाही. "आमचा मुलगा हल्ली पाटावर बसून लढाईला जातो," असं ते बाड्यावर, शहराच्या भर चौकात, चारचौघांत सांगत, आणि हे ऐकून घेत.

जोडनाव ही सरकारवाड्यातल्या कुणाच्या तरी हौसेतून आली होती. कुठल्याशा विलायती पुस्तकात चित्र पाहिलं आणि तसलीच करा असा हुकूम सुटला. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये फळ्यांचा माचा, माच्यावर डोलकाठी आणि एक भलंमोठं शीड. दोन्ही होड्यांच्या मागे एकेक सुकाणू, आणि दोन्ही सुकाणू एका आडव्या पट्टीनं जोडलेली, म्हणजे एकच दांडी हलवली की दोन्ही पाती एकदम वळावीत. चित्रात ती फार देखणी दिसत असणार. पाण्यात उतरली आणि तिनं यांचे हात सोलून काढले.

खोड एकच होती, पण वाईट होती. वारा ज्या बाजूनं येई त्या बाजूला तोंड फिरवायची. दांडी जोर लावून धरली तर सरळ चालायची, जरा सैल सोडली की गर्रकन वळून वाऱ्याला सामोरी जायची आणि शीड फडफडवत उभी राहायची. "तोंडाची कडक आहे," हे म्हणत. लगामाला ओढणाऱ्या घोड्याबद्दल बोलावं तसंच बोलत तिच्याबद्दल. मी रोज संध्याकाळी यांच्या तळहातांना हळद-तूप लावत असे आणि मनात त्या विलायती पुस्तकाला शिव्या देत असे.

पण त्या खोडीनं एकदा यांचा जीव वाचवला होता. पावसाळा संपता संपताची सकाळ. माचा ओला होता, यांचा पाय सरकला आणि हे सरळ पाण्यात. मी माच्यावर एकटी, दोराचं काय करायचं, दांडीचं काय करायचं, काही ठाऊक नाही. मी डोळे मिटले आणि जगदंबेचं नाव घेतलं. उघडले तर नाव वाऱ्याकडे वळून निवांत उभी, आणि हे पोहत पोहत येऊन तिचा काठ धरत होते. निथळत वर चढले नि हसले. "बघितलंस? सोडलं की थांबते. शहाणी आहे." मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा आहे खरी." त्या दिवशी आम्ही दोघं फार हसलो.

मग दसरा आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरकार पाहुण्यांसह तलावावर येणार होते. घाटावर शामियाना, गालिचे, पायऱ्यांवर भालदार-चोपदार. सगळ्या नावा एकामागून एक घाटासमोरून जाणार आणि प्रत्येक नावेवरच्या माणसानं सरकारांना मुजरा करायचा. वल्ह्याच्या नावांना काही अडचण नव्हती, वल्ही मारणारे मारत राहतात आणि मुख्य माणूस मुजरा करतो. जोडनावेवर मात्र हे एकटे. बायकोला काही सरकारांसमोर वजन म्हणून बसवता येत नव्हतं. माझ्या जागी वाळूची पोती ठेवली. पोती बरी, असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे नौकाघराचे अंमलदार, आपल्यातलेच, दख्खनी ब्राह्मण, दरबारी रीतभात कोळून प्यायलेले.

आता मुजरा म्हणजे नुसता हात कपाळाला लावणं नव्हे. उभं राहायचं, कमरेत पुरतं वाकायचं, उजवा हात जमिनीपर्यंत न्यायचा, तिथून कपाळाशी आणायचा, आणि असं तीनदा. एका हातात शिडाचा दोर, दुसऱ्या हातात दांडी, असा माणूस मुजरा करणार कसा? दोर बांधून टाकता येत होता. दांडी डाव्या हातानं धरावी म्हटलं, तर तिची ओढ अशी की वाकलेल्या माणसाचा तोल घेऊन जाईल. मी म्हटलं, "पायानं दाबून धरा की."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्याला पाय लावला होता. "सरकारांसमोर? मुजरा करताना? पायानं?"

तेव्हा दांडी सोडायची ठरली. तीन मुजऱ्यांना वेळ तो कितीसा लागतो!

पहिल्या मुजऱ्याला हे वाकले आणि नावेनं आपला हिसका दाखवला. वारा तलावावरून घाटाकडे वाहत होता. नाव वळली ती वाऱ्याकडे, म्हणजे घाटाकडे बूड करून. तिसरा मुजरा करून हे सरळ झाले तेव्हा समोर शामियाना नव्हताच, समोर मोकळं पाणी होतं, आणि सरकार पाठीमागे.

ज्यांना त्या दरबाराची हवा लागली नाही त्यांना यात काय एवढं झालं असं वाटेल. तिथं सरकारांसमोरून निघताना माणसं मागे मागे सरत दारापर्यंत जात, म्हातारेकोतारे सरदारसुद्धा. पाठ दाखवणं म्हणजे शत्रूला दाखवली तरी लाज, आणि धन्याला दाखवली तर काय बोलायचं. साहेब त्या संध्याकाळी आमच्या दारात उभे राहून बोलले. ओरडले नाहीत, त्यानंच जास्त भीती वाटली. "चैत्रात पाहुणे पुन्हा येणार आहेत. तेव्हा ही नाव सरळ गेली पाहिजे. नाही गेली तर तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. वरून विचारणा झाली आहे."

जागा म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे त्या दोन खोल्या. त्याहूनही मोठी गोष्ट सासऱ्यांकडे होती. बातमी आमच्या आधी लष्करात पोचली होती. आम्ही दिवाळीला गेलो तर सासरे यांच्याशी बोलेनात. फराळाचं ताट समोर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले, आणि म्हणाले तर एवढंच, "आपल्या घराण्यात पाठ दाखवणारा पहिला तूच." मला इतका संताप आला की हातातली करंजी मी ताटात परत टाकली. पण हे खाली मान घालून बसले होते. त्या दिवसापासून यांना दुसरं काही सुचेना.

सगळा हिवाळा आम्ही त्या नावेच्या मागे लागलो.

आधी यांच्या ध्यानात आलं की दोन्ही पाती एकमेकांशी भांडताहेत. आडवी पट्टी लांब झाली होती, म्हणून एक पातं सरळ असलं की दुसरं किंचित तिरकं. पट्टी कापून बेताची केली. मग पात्यांचं उभं राहणं पाहिलं. पाती लाकडी, वरच्या बाजूला एका खिळ्यावर अडकवलेली. नाव चालू लागली की पाण्याच्या रेट्यानं ती मागे मागे कलत, शेपटी पसरावी तशी, आणि जितकी मागे तितकी दांडी जड. यांनी खिळ्यासाठी नवं भोक पाडलं आणि पाती नावेखाली पुढे ओढून घेतली, इतकी की त्यांची खालची कड ती ज्यावर फिरत त्या बिजागरीच्याही थोडी पुढे यावी. त्या दिवशी तलावावरून परतताना यांनी दांडी माझ्या हातात दिली. दोन बोटांत राहत होती. मी पहिल्यांदाच ती नाव चालवली आणि खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. तळहाताला हळद-तूप लावायचं बंद झालं.

पण दांडी हलकी झाली तरी सोडली की नाव वळायचीच. आता गर्रकन नाही, सावकाश, पण वाऱ्याकडेच, म्हणजे घाटाला पाठ करूनच. मग हे डोलकाठीकडे वळले. डोलकाठी जरा मागे झुकलेली होती. पुढचा दोर आखडून घेतला की ती पुढे झुके, शिडाचा जोर पुढे सरके, आणि वळायची ओढ कमी होई. रोज थोडा दोर आखडायचा, तलावावर जायचं, दांडी सोडायची आणि बघायचं. मी वजन म्हणून बसलेली, हे उभे राहून मोकळ्या पाण्याला मुजरे करताहेत. काठावरून कुणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं.

माघात एकदा ती सरळ गेली. दांडी सोडली, तीन मुजरे झाले, आणि नाव जशीच्या तशी, रेघ ओढल्यासारखी. मी म्हटलं, "झालं! आता पुरे."

"थोडं अजून," हे म्हणाले.

"कशाला अजून?"

"चैत्रात पछवा असतो, पश्चिमेचा जोराचा वारा. झोत आला तर जरा तरी वळेलच. मग वळायचीच असेल तर इकडे नको, तिकडे वळू दे. घाटाकडे." मग हळूच म्हणाले, "सरकारांकडे तोंड करून वळली तर कुणी काही म्हणणार नाही."

आणि त्यांनी दोर आणखी आखडला. त्यानंतर दांडी सोडली की नाव वाऱ्यापासून दूर, घाटाकडे, आदबीनं मान झुकवल्यासारखी वळू लागली. यांना ते इतकं आवडलं की पुन्हा पुन्हा करून दाखवत. ती आता थांबत नव्हती. सोडली की वेग घ्यायची. ते दोघांनाही दिसत होतं. पण आम्ही तिच्याकडे माणसानं पाहावं तसं पाहत नव्हतो, दरबारानं पाहावं तसं पाहत होतो.

चैत्रातल्या त्या दिवशी पछवा सकाळपासून तलावावरून घाटाकडे सुटला होता. तोंडावर धूळ, तलावावर लाटा. यांनी अंगरखा घातला, कमरेला शेला घट्ट आवळला, शिंदेशाही पगडी डोक्यावर ठेवली. मी म्हटलं, एवढं अंगावर घेऊन पोहता तरी येईल का. "पोहायला कोण चाललंय?" म्हणाले. सासरे लष्करातून मुद्दाम आले होते आणि घाटाच्या टोकाला मानकऱ्यांत उभे होते. आम्हा बायकांना शामियान्याच्या बाजूला कनातीमागे बसवलेलं. कनातीच्या शिवणीतून जेवढं दिसे तेवढं मला दिसत होतं.

नाव आली. शीड टम्म फुगलेलं. घाटासमोर येताच हे उठले, दांडी सोडली आणि वाकले. पहिला मुजरा, दुसरा मुजरा. नाव सरळ. तिसऱ्याला वाकले तेव्हा वाऱ्याचा झोत आला आणि नाव घाटाकडे वळू लागली. वळली ती वळतच राहिली. वारा शिडाच्या मागून पलीकडच्या बाजूला गेला, आणि शिडाच्या खालची आडवी काठी, जी इतका वेळ घाटाच्या बाजूला होती, ती एका फटक्यात माच्यावरून या टोकाची त्या टोकाला गेली. यांची मान खाली होती तोवर ती वरून गेली असती. पण मुजरा पुरा झाला होता. हे कपाळाशी हात नेत सरळ होत होते.

आवाज माझ्यापर्यंत आला नाही. पगडी उडालेली दिसली, आणि माचा रिकामा.

आता खरं ते सांगते. नाव थांबली नाही. यांना तिथंच पाण्यात सोडून ती तशीच भरल्या शिडानं सरळ घाटाकडे आली आणि सरकारांच्या पायऱ्यांना येऊन लागली. नेमकी समोर, तोंड शामियान्याकडे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ही करामत आहे. सगळ्यांचे डोळे त्या नावेवर, आणि मागे पाण्यात बघायला कुणीच नाही. मी कनात फाडून बाहेर आले आणि ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही.

वल्हेकरी आपापले मुजरे आटोपून पायऱ्यांवर ओळीनं उभे होते, सरकारांकडे तोंड करून. त्यांच्या होड्या त्यांच्या पाठीशी, खाली पाण्यात. ते निघाले, पण कसे? मागे मागे सरत. एकेक पायरी पायानं चाचपत, हात जोडून, मागे मागे. माझा माणूस बुडत होता आणि हे लोक रीत पाळत पायऱ्या उतरत होते. शेवटी सरकारच उठून ओरडले, "अरे, पळा!" तेव्हा वळले आणि पळाले.

यांना बाहेर काढलं तेव्हा शेला तसाच आवळलेला होता.

तेराव्याला साहेब आले. मनापासून आले होते, डोळ्यांत पाणी होतं, मी नाही म्हणत नाही. म्हणाले, "वहिनी, एक सांगतो. शेवटपर्यंत पाठ दाखवली नाही त्यांनी." सासऱ्यांनी ते ऐकलं आणि त्यांची मान ताठ झाली. सरकारवाड्यातून त्यांना मानाचा पोशाख आला. तो त्यांनी अंगावर घालून पाहिला, आणि मग खाटेवर बसून लहान मुलासारखे रडले. मला त्यांची कीव आली नाही. मला कुणाचीच आली नाही तेव्हा.

यांच्या जागेवर नेमला तो वल्हेकऱ्यांतलाच एक. हाताला चपळ, तोंडाला गोड. आमच्याकडे भाकरी खाऊन गेलेला, मला वहिनी म्हणणारा. मागे मागे सरत पायऱ्या उतरणाऱ्यांत तोही होता. नाव काही मोडली नव्हती. साहेबांचं म्हणणं, नावेचा दोष नाही, उलट इतकी सरळ ती कधी चाललीच नव्हती. दसऱ्याला पुन्हा तीच नाव, तोच मुजरा. मी खोल्या रिकाम्या करत होते तेव्हा तो बायकोला घेऊन जागा पाहायला आला. बायकोला दिवस गेलेले होते. "चूल धूर करते का?" एवढंच तिनं मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नौकाघरात गेले. सगळे जेवायला गेले होते. दोन्ही पात्यांचे खिळे काढले, पाती जुन्या भोकांवर बसवली, आणि नवी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून, वर डांबर फासून बुजवून टाकली. डोलकाठीचा पुढचा दोर सैल सोडला, ती मागे झुकेपर्यंत. गाठ कुठवर घ्यायची ते यांनी दोराला खूण करून ठेवलं होतं. ती खूणही घासून काढली. वजन म्हणून का होईना, मी सगळा हिवाळा त्या नावेवर बसले होते. कशानं काय होतं ते मला माहीत होतं. आता सोडली की ती पुन्हा थांबणार होती.

त्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ते पुन्हा तसंच करून घेतलं असतं. नोकरीच्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. आम्हाला तरी कुठे दिसलं होतं?

दसऱ्याला मी लष्करात होते, दाल बाजारामागच्या गल्लीत, सासऱ्यांच्या घरी. तलावावर काय झालं ते संध्याकाळी कळलं. त्यानं दांडी सोडली, वाकला, आणि नाव वाऱ्याकडे वळून घाटाला बूड दाखवत उभी राहिली. त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं.

दिवाळीच्या सुमारास तो आमच्या दारात आला. सुताराकडून त्याला बुजवलेल्या भोकांचं कळलं होतं. ओट्यावर चढला नाही, गल्लीत उभा राहूनच सुरू झाला.

"वहिनी, काय बिघाडलं होतं मी तुमचं? अहो, पंधरा दिवसांचं पोर आहे घरात! जागा गेली, खोल्या गेल्या! तुमचा माणूस गेला मतलब दुसऱ्यांचं घर पण बुडवायचं का? शरम नाही वाटत? सरकारांना पाठ दाखवली मी, पाठ! मुँह दाखवायला जागा नाही राहिली मला!"

आजूबाजूची दारं उघडली. सासरे आतून "कोण आहे?" म्हणून विचारत होते. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, घाम गळत होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या पोराच्या तोंडचा घास मी काढला होता. आणि मला त्याच्या बायकोचा हेवा वाटत होता, इतका की मी चौकटीला धरून उभी राहिले. शिव्या देऊन तिचा माणूस घरी जाणार होता, जेवायला मागणार होता, तिच्यावरही ओरडणार होता.

तो बराच वेळ ओरडला. मी त्याला मध्ये अडवलं नाही.